मी खणलेलं रिंगण

मला बसता येत नाही. लेकाच्या घरात तीन सोफे आहेत, पाय वर करणारी एक खुर्ची आहे, मागं अंगणात झोपाळा आहे. आणि शहात्तर वर्षांचा मी पहाटे पाचपासून या खोलीतून त्या खोलीत, तिथनं गॅरेजात, गॅरेजातनं पुन्हा आत. सून पुण्याची, बोलायला गोड. "आबा, जरा टेका ना कुठंतरी," म्हणते. टेकतो. डिशवॉशर थांबायच्या आत पुन्हा उठलेला असतो.

हे मी स्वतः लिहितोय. नात म्हणाली, तुम्ही नुसतं बोला, फोन लिहून घेईल. मी म्हटलं, चौथी पास आहे मी, माझं मला लिहिता येतं. वेळ लागतोय, लागू दे. वेळेला इथं तोटा नाही.

कोल्हापूरच्या तालमीत सात वर्षं काढली. नंतर साखर कारखान्यात लागलो ते निवृत्तीपर्यंत. बायको गेली आणि लेकानं इकडं अमेरिकेत, टेक्ससला आणलं. शुगर लँड हे गावाचं नाव त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं ऊस तरी असेल. आलो तर उसाचं कांडं नाही. पूर्वी इथंही कारखाना होता म्हणतात. आता रुंद रस्ते, तेलाच्या कंपन्यांतले इंजिनिअर, डॉक्टर आणि दुधाला जायचं तरी गाडी. मी गाडी चालवत नाही. म्हणून चालतो.

चालतानाच वस्ताद भेटला. दीड वर्ष झालं त्याला. मागच्या गल्लीत एका कुंपणाआडून आवाज येत होता, धप्, धप्, थांबून पुन्हा धप्. फळीच्या फटीतून बघितलं. एक बुटका, रुंद म्हातारा उघड्या अंगानं एका जाड लाकडी खांबाला तळहाताच्या थापा मारत होता. तोंड जपानी. पण मी तोंड नाही बघितलं, पाय बघितले. पैलवानाचे पाय कुठल्याही देशात ओळखू येतात. मी तिथंच, रस्त्यावर उभा राहून शड्डू ठोकला. तो वळला. माझ्याकडं बघितलं. मग एक पाय बाजूला खांद्याएवढा उचलला आणि जमिनीवर असा आपटला की कुंपण हललं. झाली ओळख.

नंतर कळलं ते असं. पंधराव्या वर्षी तो सूमोच्या तालमीत गेला. आठ वर्षं राहिला. वर चढला नाही, खांदा निखळला आणि संपलं. कुणा नातेवाइकाबरोबर इथं आला आणि जन्मभर लोकांच्या बागा केल्या. शाळा थोडीच, इंग्रजी माझ्याइतकंच. मी त्याला वस्ताद म्हणायला लागलो. तो मला इंडो-सान म्हणतो. त्यांच्याकडं इंडो म्हणजे भारत आणि सान म्हणजे राव.

आमचं भांडण पहिल्या आठवड्यातच झालं. त्यांच्या कुस्तीत गडी नुसता रिंगणाबाहेर गेला किंवा गुडघा टेकला की हरला. मी म्हटलं, "नो बॅक? बॅक ऑन माती, देन विन." पाठ लागल्याशिवाय ती कुस्ती कसली? तो म्हणाला, "टू लाँग." मी म्हटलं, "यू नो वेट." त्यावर तो इतका हसला की त्याच्या बायकोनं खिडकीतून डोकं काढलं.

शनिवारी त्याच्या मागच्या अंगणात आठ-दहा गडी येतात. एक ट्रकवाला, एक शाळामास्तर, एक दवाखान्यातला नर्स, तोही पुरुष आणि दाढीवाला. निळ्या गाद्या टाकून त्यांचा सराव चालायचा. मी पालथ्या बादलीवर बसायचो आणि मला राहवायचं नाही. "अरे पट काढ! पट काढ की, बघतोस काय!" त्यांना काय कळणार? वस्ताद मान न वळवता म्हणायचा, "इंडो-सान. क्वायेट." मी गप्प बसायचो. पुढच्या कुस्तीला पुन्हा तेच.

आता जपानचं सांगतो. नात शाळेत तीन वर्षं जपानी शिकतेय. मार्चात शाळेला आठवड्याची सुट्टी असते, तेव्हा जपानला जायचं असा तिनं हट्ट धरला. लेकानं तिकिटं काढली, तीन. माझे गुडघे, माझी शुगर, तिथले जिने, अशी सगळी कारणं त्यानं मला बोटांवर मोजून दाखवली. तेवढ्या दिवसांपुरतं मला न्यू जर्सीत पार्सिपनीला सुनेच्या भावाकडं ठेवायचं ठरवलं होतं, सामानासारखं. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चौथं तिकीट निघालं.

वस्तादाला सांगितलं तर तो उठून उभा राहिला. मार्चात सूमोची मोठी स्पर्धा ओसाकाला असते. लेकानं तिथली तिकिटं मिळवली होती, पार वरच्या रांगेतली. वस्तादानं हात झटकला. "व्हेरी फार. अँट." तिथनं पैलवान मुंगीएवढे दिसतात म्हणे. खरं बघायचं ते सकाळचं, सरावाचं. त्याच्या जुन्या तालमीत त्याच्याबरोबर राहिलेला एक गडी आता तिथला मुख्य वस्ताद झालाय. स्पर्धेच्या दिवसांत त्यांचा मुक्काम ओसाकातल्या एका देवळात असतो आणि सराव तिथंच चालतो. परक्या माणसाला आत घेत नाहीत. "आय राइट लेटर," तो म्हणाला. पत्र असलं की कडेच्या फळीवर बसू देतात, अंगावर माती उडेल इतक्या जवळ. त्यानं माझ्या गालावर बोट लावून दाखवलं, इथं उडेल.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आमच्या तालमीला कुलूप आहे. भाचा सांगतो, कुस्तीच्या मातीच्या हौदावर फरशी टाकून आता तिथं वजनं उचलायची मशिनं आणणार आहेत. मैदान सोडून मला त्रेपन्न वर्षं झाली. मातीत रोज सकाळी उतरणारी, घामानं थबथबलेली जिवंत तालीम मला मरायच्या आत एकदा जवळनं बघायची होती. मग ती जपानची का असेना. बाकी त्यांचे डोंगर, बागा, वेगाच्या गाड्या, त्यातलं काही मला नको होतं. मला ती फळी पाहिजे होती.

फेब्रुवारीत वस्तादानं ठरवलं की डॅलस आणि ऑस्टिनच्या गड्यांना बोलवून सामने घ्यायचे, तेही गाद्यांवर नाही, मातीच्या खऱ्या रिंगणात. चाळीस वर्षं या देशात राहिला, पण स्वतःचं रिंगण त्यानं कधी बांधलं नव्हतं. अंगणात पत्र्याची शेड घातली. एका ट्रकनं चिकणमाती येऊन पडली. मी मुठीत घेऊन बघितली, वास घेतला. चांगली होती. मी त्याला सांगितलं, यात लिंबू पिळ, हळद घाल, ताक घाल, तेल घाल. आमच्या हौदात तसंच असतं. तो म्हणाला, "कुकिंग?"

नंतर मला सर्दी-खोकला झाला आणि सुनेनं चार दिवस घराबाहेर पाय ठेवू दिला नाही. मी खिडक्या मोजल्या. चौदा आहेत. नातीच्या खोलीतल्या खुर्चीचा सैल स्क्रू पिळला, मग ज्यांना गरज नव्हती त्या खुर्च्यांचेही पिळले.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, उजाडल्याबरोबर निघालो. वस्तादाच्या घरी कुणी नव्हतं. त्याच्या बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, हे मला माहीत होतं. मागचं फाटक नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. शेडखाली गेलो आणि ताडपत्री उचलली.

माती दगड झाली होती. टाच मारून बघितली, टाचच दुखली. मधल्या दोन दिवसांत पाऊस पडून गेला होता, मग ऊन. इथली माती मला ठाऊक आहे, भिजून वाळली की तिची वीट होते. मी म्हटलं, बायकोच्या डोळ्याच्या काळजीत वस्तादाचं लक्ष राहिलं नाही आणि या ट्रकवाल्याला, मास्तराला काय कळतं? परवा सामने. एवढ्या वजनाची माणसं, या फरशीवर आपटली तर डोकी फुटतील. टीव्हीवर मी सूमो शंभरदा बघितला होता, पण टीव्हीत माती मऊ की कडक हे कुठं कळतं?

आमच्याकडं तालमीत पहिलं काम हौद खणायचं. पहाटे फावडं घ्यायचं आणि गुडघाभर माती उकरून पिठासारखी मऊ करायची. त्याशिवाय कुणी अंगाला तेल लावायचं नाही. नव्या पोरानं खणायचं, आणि सणाच्या दिवशी खुद्द वस्तादानं खणायचं. ती सेवा असते. मी वस्तादाच्या हत्यारांच्या खोलीतून फावडं काढलं, सदरा खुंटीला अडकवला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि सुरू केलं.

खोटं कशाला सांगू, ते दोन तास मला फार चांगले गेले. खोकला पळाला. अंगातून वाफ निघत होती. कडेचे पेंढ्याचे बांध मी सोडले, आतलं सगळं उलथलं.

अगदी मध्यभागी फावड्याला काहीतरी लागलं. वाकून बघितलं तर पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, मातीची दोन छोटी ताटं एकमेकांवर पालथी घातलेली. उघडली. आत तांदूळ, मीठ, काळं वाळकं पान, आणि एक चपटा सुकलेला प्राणी, पाय फाकलेला.

मोठ्या मैदानाआधी दुसऱ्याच्या हौदात लिंबू पुरणारे, बाहुली पुरणारे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. आमच्या तालमीतल्या एका चांगल्या गड्याचा हात त्यातनंच गेला असं सगळे म्हणायचे. म्हटलं, ही करणी आहे. डॅलसवाल्यांनी केली की ऑस्टिनवाल्यांनी, ते नंतर बघू. असली वस्तू घरात ठेवायची नाही, जाळायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची आणि मागं वळून बघायचं नाही. वस्तादाच्या गल्लीमागं ओढा आहे, इथले लोक त्याला बायू म्हणतात. पुलावर गेलो, पुडकं पाण्यात टाकलं आणि मागं न बघता आलो. माती फावड्यानं सारखी केली आणि बादलीवर बसून वस्तादाची वाट बघत राहिलो. त्या दिवशी बसता आलं मला.

तो दुपारी आला. बायकोच्या डोळ्याला पट्टी, तिला आत सोडून तो शेडखाली आला. मी उठून दोन्ही हात पसरले. बघ म्हटलं.

तो ओरडला नाही. बुटासकट पाय त्या भुसभुशीत मातीत घातला, घोट्यापर्यंत गेला. मग गुडघ्यावर बसून त्यानं मधल्या जागी हात घातला आणि कोपरापर्यंत चाचपला.

"पेपर," म्हणाला. "व्हेअर पेपर?"

"बॅड मॅजिक!" मी म्हटलं. "आय थ्रो. बायू!"

तो उठला, हात पँटला पुसले नाहीत, घरात गेला आणि दार लावून घेतलं. मी अर्धा तास उभा होतो. दार उघडलं नाही.

घरी लेकानं आकाशपाताळ एक केलं. "आबा, तुम्ही दुसऱ्याच्या बॅकयार्डमध्ये, घरात कुणी नसताना, फावडं घेऊन गेलात? दिस इज टेक्सस! इथं लोक गोळी घालतात, विचारत नाहीत!"

"वस्ताद गोळी घालणारा नाही."

"शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते तर? आणि तो म्हातारा काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. सेवा केली मी त्याची. आभार मानायचे सोडून दार लावून घेतलं."

सून म्हणाली, "अहो, पण त्यांना विचारायचं ना आधी, आबा." तेवढ्यात नात फोन घेऊन जिन्यावरनं खाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आबा, दॅट पॅकेट. त्यात राइस, सॉल्ट अँड स्क्विड होतं?"

"होतं. तुला कसं कळलं?"

"दॅट्स नॉट ब्लॅक मॅजिक. नवीन रिंग केली की प्रेअर करतात आणि मध्ये ते पुरतात. फॉर द गॉड्स. इट्स लाइक..." ती शब्द शोधत राहिली. मग आईला विचारलं, आपण गणपतीपुढं ठेवतो त्याला काय म्हणतात?

"नैवेद्य," सून म्हणाली.

वस्तादाकडच्या मास्तरानं तिच्या फोनवर निरोप पाठवला होता, त्यातलं पुढचं तिनं वाचून दाखवलं. ती माती दगड झाली नव्हती, केली होती. तीन दिवस आठ माणसांनी लाकडी ठोकळ्यांनी ठोकून ठोकून. सूमोचं रिंगण जितकं कडक तितकं चांगलं. मऊ असलं तर पाय रुततो आणि गडी घोटा मोडून घेतो.

मी चप्पल घातली आणि बायूवर गेलो. पुलाखाली उतरलो, काठानं काठानं चालत राहिलो. पाण्यात कासवं होती, एक प्लास्टिकची बाटली होती, एका झुडपात काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं म्हणून चिखलात उतरलो तर तो कुणाचा रुमाल. अंधार पडायला लागल्यावर लेक गाडी घेऊन शोधत आला. मी गाडीत बसलो नाही. तो खिडकी खाली करून माझ्याशेजारनं बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवत घरापर्यंत आला.

देवाचा नैवेद्य मी पाण्यात टाकला होता. आणि आता वस्ताद पत्र देणार नाही, हेही डोक्यात होतं. कुठलं आधी होतं, ते विचारू नका.

शुक्रवारी सकाळी गेलो तर सगळे हजर. ट्रकवाल्यानं ट्रक घरी ठेवला होता, मास्तरानं रजा टाकली होती. पाणी मारत होते, ठोकत होते. मला बघून ठोकणं थांबलं. दाढीवाला नर्स काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही, पण सूर कळला. वस्तादानं वर बघितलंच नाही.

चुकलं असं म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण जन्मात कधी म्हटलेलं नाही, बायकोला नाही, कारखान्यातल्या साहेबाला नाही, आणि तोंड काही उघडेना. तालमीत आम्ही माफी मागत नव्हतो, शिक्षा घेत होतो. आमचे तिथले वस्ताद म्हणायचे, पाचशे बैठका, की मारायच्या. म्हणून मी मास्तराच्या हातातला ठोकळा ओढून घेतला. जाड ओंडका, दोन बाजूंना मुठी. उचलायचा आणि आपटायचा.

संध्याकाळपर्यंत आपटला. गुडघा दुपारीच टम्म सुजला. सून दोनदा येऊन गेली, डबा ठेवून गेली. नर्सनं एकदा माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि न विचारता बर्फाची पिशवी आणून बांधली. वस्ताद माझ्यासमोर, दुसऱ्या ठोकळ्यावर. दोघांचा ताल जमला होता, पण त्यानं नजर दिली नाही. शेवटी त्यानं नवं पुडकं केलं, तांदूळ, मीठ, समुद्रातलं ते पान, सुकलेला स्क्विड, म्हणजे आपला माकूळ. डोळ्यावर पट्टी बांधलेली त्याची बायकोही बाहेर येऊन उभी राहिली. मी लांब शेडच्या खांबापाशी हात जोडून उभा होतो. पुरताना त्यांनी दारू शिंपडली.

पण माती एका दिवसात बसत नसते. शनिवारी डॅलसचा वस्ताद आला, त्यानं अंगठा रोवून बघितला, अंगठा आत गेला. मान हलवली. रिंगणावर ताडपत्री टाकली आणि सामने झाले ते शेजारी, निळ्या गाद्यांवर. वस्ताद दिवसभर पाहुण्यांना हसून चहा देत होता. चाळीस वर्षांनी बांधलेलं रिंगण झाकून ठेवलं होतं, आणि येणारा प्रत्येक जण विचारत होता, त्याखाली काय आहे? मी बादलीवर बसलो नाही त्या दिवशी. कुंपणाबाहेर, रस्त्यावर फेऱ्या मारत होतो आणि गाद्यांवर कोण पडलं ते आवाजावरनं ओळखत होतो.

पुढं दोन आठवडे गेले. मी रोज सकाळी जाऊन रिंगणावर पाणी शिंपडून ठोकायचो, वस्ताद खांबाला थापा मारायचा. बोलणं नाही. निघायला सहा दिवस उरले. घरात बॅगा उघड्या पडलेल्या, सून माझ्या गोळ्या डब्यांत भरतेय, आणि मी या बॅगेतला मोजा त्या बॅगेत टाकतोय. लेक म्हणाला, "आबा, पत्राचं विसरा. आपल्याकडे हॉलची तिकिटं आहेत. तिथनं बघू."

"मुंग्या?" मी म्हटलं.

त्याच दिवशी नातीला बरोबर घेतलं आणि वस्तादाकडं गेलो. शनिवार नव्हता, अंगणात तो एकटाच होता. मी म्हटलं, "वस्ताद. लेटर."

तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. म्हणजे पत्र तयारच होतं. लांबट लिफाफा, उघडा. माझ्या हातात न देता त्यानं तो नातीच्या हातात दिला. "रीड," म्हणाला. "ही मस्ट नो."

नातीनं वाचलं, अडलं तिथं फोन धरला, तिच्या मराठीत आणि तिच्या इंग्रजीत मिळून मला सांगितलं. पत्र लहान होतं. हे पत्र घेऊन येणारा माणूस भारतातला जुना पैलवान आहे. त्यानं माझं पहिलं रिंगण, मी घरी नसताना, खणून टाकलं आणि देवांचा नैवेद्य ओढ्यात फेकला. पाहुण्यांसमोर मला रिंगण झाकून ठेवावं लागलं. त्यानं ते चांगल्या मनानं केलं. नंतर त्यानं ते ठोकून दिलं, पण चूक झाली असं तो अजून म्हणालेला नाही. त्याला समोरच्या फळीवर बसवावं.

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. ओसाकाच्या देवळात, वीस-तीस पैलवानांसमोर, हे वाचणार? मी पंचक्रोशीत मानाच्या कुस्त्या केलेला माणूस!

"त्याला सांग," मी नातीला म्हटलं, "मधलं काढून टाक. भारतातला जुना पैलवान आहे, आणि फळीवर बसवा. एवढं पुरे."

तिनं विचारलं. वस्ताद म्हणाला, "नो."

"निदान ते शेवटचं तरी. म्हणालेला नाही ते."

"यू से, आय कट," तो म्हणाला. हे मला थेट, नातीकडं न बघता. "यू से नाऊ."

मी त्याच्याकडं बघितलं. रिंगणाकडं बघितलं. आता ते चांगलं बसलं होतं, मीच बसवलं होतं. तोंड उघडलं. आतून आवाज आला नाही. नात माझ्या हाताला धरून उभी होती, ती म्हणाली, "आबा, यू डोन्ट हॅव टू. आपण जाऊ या."

मी म्हटलं, "थांब."

थांबलो. शेजारचं गवत कापायचं मशीन सुरू होऊन बंद पडलं. शेवटी मी लिफाफा तिच्या हातातून घेतला, बंद केला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. ते वाक्य तसंच राहू दे म्हटलं. खरं आहे ते. वस्तादानं मान लववली, मीही लववली, आणि आम्ही निघालो.

वाटेत नात म्हणाली, ते पत्र तिथल्या मुख्य वस्तादाला तुम्ही स्वतः द्यायचं, दुसऱ्या कुणी दिलेलं चालत नाही. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. आणि तो ते तुमच्यासमोरच वाचेल.

"समोरच?"

"समोरच, आबा."

आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम चालते. नात मुख्य वस्ताद होऊन टेबलाच्या त्या टोकाला उभी राहते, मी विजेच्या बिलाचा लिफाफा दोन्ही हातांत धरून पुढं जातो आणि वाकतो. गुडघा कुरकुर करतो. सून चपात्या लाटता लाटता बघते.

"लोअर, आबा."

"एवढं पुरे आहे की."

"नो. लोअर. अँड डोन्ट लुक अप. तो वाचेपर्यंत वर बघायचं नाही."

"किती वेळ वाचतो तो?"

"आय डोन्ट नो. आय रीड इट इन टेन मिनिट्स."

"तुला जपानी येत नाही नीट. त्याला एक मिनिट लागेल," मी म्हटलं, आणि पुन्हा टेबलाच्या अलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.